नव्वदच्या पुढची थरथर

गॅरेजवर नावाची पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. सगळे त्याला वैद्य म्हणत. गाडी थरथरते म्हणून कोणी आलं, की हा माणूस आधी पान्याला हात लावायचा नाही. मालकाला म्हणायचा, "चालवा," आणि स्वतः शेजारी बसून डोळे मिटायचा. एक तळवा डॅशबोर्डवर, दुसरा सीटच्या कडेला. स्टिअरिंग थरथरलं तर दुखणं पुढच्या चाकांत, सीट थरथरली तर मागच्या, ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर डिस्क वाकडी, एवढं कुठलाही मेकॅनिक सांगेल. वैद्य चाक सांगायचा. डावं की उजवं, तेसुद्धा. मग गाडी जॅकवर चढवून त्या टायरवरून तळवा फिरवायचा, पार आतल्या बाजूपर्यंत, जिथे डोळा पोचत नाही. चाकं बॅलन्स करायचं मशीन त्याने घेतलं होतं खरं, पण त्याच्या आकड्याला तो फारसं विचारत नसे. काम झालं की पुन्हा एक फेरी, पुन्हा तळवा, आणि मग एकच शब्द: "गेली." वैद्य 'गेली' म्हणाला की गेली. त्यावर अपील नव्हतं.

घरातही हाच कायदा. मुलगी लहान होती तेव्हा थर्मामीटर कपाटात पडून असे. ताप बाबांचा हात सांगायचा. "काही नाही, जा शाळेत," असं तो म्हणाला की पोरीला खरंच बरं वाटायला लागायचं. आता ती दोन मुलांची आई होती. साठ किलोमीटरवरच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, रोज हायवेने जायची-यायची, आणि महिनाभर तिची गाडी नव्वदच्या पुढे गेली की थरथरत होती.

हा तिसरा रविवार. पहिल्या रविवारी त्याने चारही चाकं बॅलन्स केली आणि म्हणाला, "गेली." दुसऱ्या रविवारी पुढचे दोन्ही टायर बदलले, मागच्या दोन्हींवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता गेली." आज ती पुन्हा दारात.

"बाबा, अजून आहे."

"कशी असेल? मी बघितली ना."

"फोन करत होते सकाळपासून. हल्ली तुम्ही उचलतच नाही."

"खिशात असतो. कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू येत नाही. चल, चालव."

हायवेला लागल्यावर त्याने तळवे जागेवर ठेवले, डोळे मिटले. तिने वेग सांगायला सुरुवात केली. ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. गाडी शांत होती, साठवलेल्या पाण्यासारखी.

"गेलीय गं," तो म्हणाला. "उगाच डोक्यात घेतलंयस."

तिने आरशात मागचा रस्ता बघितला. मग म्हणाली, "तसंच असेल. झोप होत नाही नीट, माझंच अंग थरथरत असेल. तुम्ही म्हणताय म्हणजे गेलीच असणार."

हे ती अगदी मनापासून म्हणाली. तिच्या स्वतःच्या हातांत स्टिअरिंग होतं, आणि तरी तिने बापाच्या हातावर विश्वास ठेवला. वैद्याला बरं वाटलं आणि त्याने डोळे उघडले. दोन सीटांच्या मधे पाण्याची अर्धी बाटली होती. तिच्यातलं पाणी शहारत होतं, एक क्षण थांबत नव्हतं. मुलीच्या कानातला छोटा डूल लटलट हलत होता. त्याने तळवा सीटवर दाबला, अजून दाबला. तळवा गप्प.

खरं तर त्याला चार महिन्यांपासून माहीत होतं. एकदा रस्त्याने चालताना पायातली चप्पल निसटली आणि हा तसाच पुढे गेला. मागून एका बाईने हाक मारली, "अहो, चप्पल राहिली!" तेव्हा कळलं. मग एकदा चहाचा ग्लास धरून गप्पा मारत बसला आणि नंतर बोटांवर फोड दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, साखर, नसा, आधी पाय आणि मागोमाग हात. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. हा घरी आला आणि अवाक्षर बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पाय गेले तर जाऊ देत, हात आपले कामाचे आहेत, ते असे जायचे नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही.

"गाडी वळव," तो म्हणाला.

"काय झालं?"

"वळव. आणि पन्नासच्या वर नेऊ नकोस."

पुढचे टायर नवेच होते, म्हणून गॅरेजमध्ये त्याने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि बाजूला उभा राहिला.

"टायरवरून हात फिरव. हळू. आतल्या बाजूने."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"माझा हात मेलाय," वैद्य म्हणाला.

ती आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. ती चाकाजवळ खाली बसली. उजवं चाक पूर्ण फिरवून झालं. डावं अर्धं फिरलं आणि तिचा हात थांबला.

"इथे काहीतरी आहे. बाबा, केवढं आहे! अर्ध्या लिंबाएवढं."

तो गुडघ्यावर बसला. तिने त्याचं मनगट धरून बोटं तिथे नेली. वाकून बघितल्यावर त्याला दिसलं, आपली बोटं फुगवट्यावर चढतायत आणि पलीकडे उतरतायत. दिसलं तेवढंच. याच टायरवरून गेल्या रविवारी त्याने तळवा फिरवला होता, आणि याच टायरला तो चांगला म्हणाला होता.

"आतल्या तारा तुटल्यात," तो म्हणाला. "कधीही फुटला असता. शंभराला फुटला असता तर..."

"पोरांना घेऊन गेले होते मी बुधवारी," ती म्हणाली.

वैद्याला रडू आलं. भीतीने नाही, शरमेने. पोरीसमोर तो तसाच जमिनीवर बसून रडला, आणि तिला जवळ जावं की चिडावं ते कळेना. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"चार महिने."

"आणि तेव्हापासून सगळ्या गाड्या तुम्ही हातानेच..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो उठला होता. गणिताचे मास्तर! हायवेला सीट थरथरते म्हणून काल आले होते. चाकं बॅलन्स केली, तळवा फिरवला, फेरी मारली, 'गेली' म्हणून मोकळा झाला. आज ते बायकोला घेऊन बहिणीकडे निघणार होते. लांबचा पल्ला होता.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. फोन हातात धरून तो स्टुलावर टेकला.

"बाबा, फोन!" मुलगी ओरडली. "हातात वाजतोय तुमच्या!"

कॉम्प्रेसरपुढे ऐकू येत नाही म्हणून घंटा कायम बंद ठेवलेला फोन त्याच्या तळव्यात थरथरत होता. तिने बटण दाबून त्याच्या कानाला लावला.

"बोला वैद्य!" मास्तर खुशीत होते. "गाडी पळतेय बघा तुमच्या कृपेने. शंभर!"

"कसली पळतेय, दात वाजतायत माझे!" मागून बायकोचा आवाज आला.

"ऐकलंत? हिचं सकाळपासून हेच. म्हटलं, बाई, वैद्याने हात ठेवलाय, तुझ्या मनाचे खेळ आहेत."

"मास्तर, गाडी थांबवा. आधी बाजूला घ्या. माझ्या हाताला काही कळत नाही, चार महिने झाले."

मास्तर खो खो हसले. "तुमच्या हाताला कळत नाही? मग मलाही पाढे येत नाहीत!"

"थट्टा नाही करत, मास्तर. मुलीची शपथ. टायर बघा—"

"अहो, तुम्ही पास केलीय ना, मग झालं. आता बोगदा आलाय, पोचलो की करतो हं."

फोन तुटला. मुलीने लगेच परत लावला, मग तिच्या फोनवरून लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा बाहेर. बोगदा एवढा लांब नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने फोन त्याच्या तळव्यावर ठेवला, बोटं मिटवली आणि ती ते मागचं चाक काढायला बसली. नट कोणत्या बाजूला फिरवायचे तेही तिला विचारावं लागलं. वैद्याने सांगितलं, पण मान वर केली नाही. तो फोनकडे टक लावून बसला होता. डोळे मिटायची सोय आता राहिली नव्हती.