उघड्या डोळ्यांचा फोटो

“डिजिटल म्हणजे फोटोकलेचं मरण आहे!” असं फोटोकाकांनी स्टुडिओत जाहीर केलं, तेव्हा मुलीने आणलेला नवा कॅमेरा त्यांच्या हातात उलटा होता.

“बाबा, आधी सरळ धरा,” मुलगी म्हणाली, “आणि आईचा काढून बघा.”

काकांनी कॅमेरा सरळ करून समोर बसलेल्या बायकोवर रोखला. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाला बायकोचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो आजवर जमला नव्हता. रोल धुतला की बाईसाहेब डोळे मिटून बसलेल्या.

“रेडी!” म्हणत त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लगेच बायको उमटली, डोळे मिटून. पुन्हा रेडी, पुन्हा तेच. रोल संपायची भीती नसल्याने काकांचं कुतूहल चाळवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते फोटो मागेपुढे करत बसले.

“अगं, मी रेडी म्हटलं की तू डोळे मिटतेस!”

“मग? फ्लॅश डोळ्यांत जातो ना तुमचा!”

या खेपेला काकांनी मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं आणि बटण दाबलं. डोळे टक्क उघडे! गहिवरून त्यांनी कॅमेरा बायकोपुढे धरला.

तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

“डोळे छान आलेत हो,” ती म्हणाली. “आता केस विंचरून येते, परत काढा.”