बदकाच्या आकाराचा डाग

मी एक जुनं पायपुसणं आहे. काथ्याचं. लांबी दोन फूट, रुंदी सव्वा फूट, आणि एका गाजलेल्या खुनाच्या चित्रपटात भूमिका अकरा सेकंदांची. मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. तेव्हा तुमचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पण ते मी मनावर घेत नाही. काथ्याला मनावर घेणं जमत नाही.

कारखान्यात माझ्यासोबत चारशे भावंडं तयार झाली. सगळ्यांच्या पाठीवर ‘सुस्वागतम’ लिहायचं होतं. माझ्यापाशी येईपर्यंत रंग संपला आणि मी कोरा राहिलो. मालकीणबाईंनी मला त्यांच्या नव्या बिऱ्हाडासाठी घेतलं, कारण कोरं स्वस्त होतं. घरात तेव्हा एक पलंग, एक स्टोव्ह आणि मी.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मालक, सिनेमाच्या सेटवर प्रॉपर्टी सांभाळायचे. नट हातात धरतो तो फोन, तो कप, ती सुरी, सगळं यांनी आणायचं. एके दिवशी खुनाचा प्रसंग होता. दार तयार होतं, बेल तयार होती, सुऱ्या तर चार प्रकारच्या होत्या. पायपुसणं विसरलं होतं. मालक धावत घरी आले.

“अगं, हे जरा नेतो. संध्याकाळी परत.”

“अहो, मग येणाऱ्यांनी पाय कुठे पुसायचे?”

“आपल्याकडे येतंय कोण?”

ती संध्याकाळ सात महिन्यांनी उजाडली.

प्रसंग साधा होता. खुनी दाराशी येतो, बेल वाजवतो, आत जाऊन खून करतो. पण नटाच्या डाव्या बुटाला सुताराचा सरस चिकटला होता. बेल वाजवण्याआधी त्याने डावा पाय माझ्यावर तीनदा घासला आणि उजवा उगाच एकदा. दिग्दर्शक म्हणाला, “वा! हेच ठेवा.” बाहेर पडताना सुरीवरून रक्त माझ्या कोपऱ्यावर सांडलं. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. डाग थेट बदकासारखा उमटला. मग मुंग्या आल्या. मुंग्याही ठेवल्या.

चित्रपटाला बक्षिसं मिळाली. डावा पाय म्हणजे भूतकाळ आणि मुंग्या म्हणजे अपराधी मन, असं समीक्षकांनी लिहिलं. एकाने बदकावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला. त्यात माझा उल्लेख एकदा आला, तळटीपेत. पुढे जो तो तसेच पाय पुसू लागला. विद्यार्थी परीक्षेला जाताना, जावई सासरी जाताना. एक दंतवैद्य दवाखान्यात शिरताना पुसायचा. त्याचे पेशंट कमी झाले. तो नट कुणाच्या घरी गेला की घरचे रांगेत उभे राहून त्याच्या बुटांकडे बघायचे. शेवटी तो लोकांना बागेतच भेटू लागला.

बाजारात बदक छापलेली पायपुसणी आली. आमच्या समोरच्या काकांनी एक आणलं आणि मालकांना हाक मारून दाखवलं.

“अस्सल आहे हं. दुकानदार स्वतः म्हणाला.”

“छान आहे,” मालक म्हणाले.

चित्रपटाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात. मुंग्यांसाठी एका प्राणिशास्त्रज्ञाचे आभारसुद्धा मानले होते. मालकांचं नाव नव्हतं. यादी टाइप करणाऱ्याकडून एक ओळ राहिली. मालक तीन वेळा थिएटरात जाऊन दिवे लागेपर्यंत बसून आले. न जाणो, एखाद्या खेळाला आली तर.

तेव्हापासून त्यांनी माझ्यावर पाय ठेवणं सोडलं. चाळीस वर्षं ते मला ढांग टाकून ओलांडत आले. मालकीणबाईंना खून-मारामारी सोसत नाही, म्हणून त्यांनी चित्रपट पाहिलाच नाही. त्यांच्या लेखी मी जाताना स्वच्छ गेलो आणि येताना घाण होऊन आलो. त्यांनी मला धुवायला उचललं की मालक म्हणायचे, “राहू दे गं त्याला.” समोरचं पायपुसणं बघून तर त्या चकित व्हायच्या. “यांचंही डागाळलेलंच, आणि तेही विकत घेतलेलं!”

गेल्या महिन्यात संग्रहालयाचं पत्र आलं. चित्रपटातल्या खऱ्या वस्तू काचेत मांडणार होते. पायपुसणं अस्सल ठरलं तर खाली पाटी लागणार आणि पाटीवर मालकांचं नाव येणार. मालकांनी ते पत्र दारात उभं राहून चौदा वेळा वाचलं. “हिला तिथे नेऊनच दाखवतो,” असं ते माझ्याजवळ पुटपुटले. मालकीणबाईंना मात्र एवढंच सांगितलं, “मंगळवारी मोठी माणसं येणार आहेत. जरा आवरून ठेव.” आणि मंगळवारी सकाळी दाढी करायला निघून गेले.

मित्रांनो, दारात मोठी माणसं येणार म्हटल्यावर नीटनेटकी बाई आधी काय धुते?

गरम पाणी, धुण्याचा सोडा, ताठ ब्रश. बदक आधी गुलाबी झालं, मग मोरीतून गेलं. मला काही वाटलं नाही. अंग जरा हलकं झालं, एवढंच.

उन्हात वाळून मी दारात आलो, तोवर मालक परतले. त्यांनी ढांग टाकायला पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

“बघा, नव्यासारखं झालं की नाही?” आतून आवाज आला. “इतकी वर्षं हात लावू देत नव्हता!”

पाय बराच वेळ हवेत होता.

“हो,” मालक म्हणाले. “छान निघालंय.”

संग्रहालयाच्या बाई आल्या. डावा पाय तीनदा, उजवा एकदा, असे माझ्यावर पुसून स्वतःच हसल्या. मग माझ्यावरच उभ्या राहून त्यांनी विचारलं, “कुठे आहे ते?”

मालकांनी खाली बोट दाखवलं. बाईंनी पर्समधून चित्रपटातला फोटो काढला, भिंग काढलं, गुडघ्यांवर बसल्या. “आजोबा, यावर बदक नाही. कुणी धुतलंबितलं का?”

मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी फोटोतला डाग पाहिला, मग मला पाहिलं.

“छे, छे,” मालक घाईने म्हणाले. “हे ते नव्हेच. ते केव्हाच फेकलं गेलं. मीच विसरलो, वय झालं.”

“मग पाटीवर नाव...”

“राहू द्या हो. चहा घ्या.”

जाताना बाईंना समोरचं पायपुसणं दिसलं. “हे मात्र हुबेहूब आहे!” काका दार उघडून म्हणाले, “अस्सल आहे हं.” आता ते काचेत आहे. खाली काकांचं नाव आहे.

“अहो, आधी सांगायचं नाही का?” त्या दिवशी बाई जाताच मालकीणबाईंनी विचारलं.

“नाव लागलं की सांगणार होतो.”

मालक चपला आणायला बाहेर गेले, परत आले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर पाय पुसून घरात शिरले. मला वाटलं होतं, जड असतील. नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला फार जपलं, धुतलंही फार मनापासून. तुम्ही काय जपताय आणि कशासाठी, तेवढं घरातल्या माणसाला वेळेवर सांगून ठेवा. आणि आत जाताना पाय पुसा. दोन्ही, सारखेच.