सुरूचा पाला

तानूबाई खराट्यानं सुरूखालचा सुयांसारखा पाला ओढत होती, तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. सर्जेराव सुप्याहून वनीकरणाच्या साहेबांना घेऊन आले होते. दोन वर्षांपासून सर्जेरावांची ही सुरूची झाडं पिवळी पडत चालली होती. पाणी कमी पडतंय असं समजून त्यांची बायको बनाबाई शहाण्णवच्या त्या कडक उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी आणून बुंध्यात ओतत होती.

साहेबांनी टाचेनं माती उकरून पाहिली. ती दगडासारखी लागली.

“पाला कुठं जातो? तो कुजला की झाडाला खायला मिळतं. माती मऊ राहिली, तर पडलेलं बीसुद्धा रुजतं. कोणी नेतं का?”

तानूबाईचा खराटा जागीच थांबला. तिच्या घरची मेंढरं विकली, तेव्हा ‘चुलीपुरता पाला नेत जा’ असं सर्जेरावच तिला म्हणाले होते. तिनं मात्र गाड्या भरभरून वीटभट्टीला घातला होता.

“वारं लई सुटतंय हितं,” सर्जेराव म्हणाले. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

साहेबांना सोडून ते परत आले, तेव्हाही रागाचा शब्द काढला नाही.

“चुलीपुरतं नेत जा, तानूबाई.”

दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानंतर ती पाल्याला शिवली नाही. मेंढरं बसायची त्या जागी साठलेलं लेंडीखत तिनं पाटी-पाटीनं आणून ओळींत पसरलं. बनाबाईनं विचारलं, तर म्हणाली, “पडूनच हाय की, बनाक्का.”

पाऊस सरता सरता बनाबाईनं तिला हाताला धरून रानात ओढत नेलं. शेंडे हिरवे झाले होते. खाली, खताच्या ओलीत, बोटभर उंचीची रोपं उभी होती.

“तुज्या हाताचा गुण बग! माज्या घागरींनी काय झालं न्हाय.” बनाबाईनं मातीसकट एक रोप उचलून तिच्यापुढं धरलं. “घे, दारात लाव.”

मागं उभे असलेले सर्जेराव पाठ फिरवून बांधाकडं गेले.

तानूबाईनं रोप घेतलं, खाली बसून होतं त्याच जागी ठेवलं आणि भोवतीनं माती दाबली.

“ऱ्हाऊ दे हितंच.”

“लाजतीस काय, येडे?” बनाबाई हसली. “परकी हायस का तू?”

तानूबाई खाली मान घालून माती दाबत राहिली.