हिरव्या दिव्याची साक्ष

मी रुग्णालयातल्या एका वॉर्डातला जुना स्कॅनर आहे, मित्रांनो. आधी रुग्णाच्या मनगटावरची बारकोडची पट्टी वाचायची, मग औषधावरची. जोडी जमली तर हिरवा दिवा, नाही जमली तर लाल. एवढंच माझं काम.

मी आलो त्या दुपारी मला कसं वापरायचं याची नर्सेसची शिकवणी अर्ध्या तासात उरकली. सगळ्यांत अनुभवी नर्स आक्का तेव्हा वॉर्ड सांभाळत होत्या, म्हणून त्यांची ती हुकली. तान्ह्या बाळाची शीर त्यांना पहिल्या फटक्यात सापडायची, पण माझ्यापुढे त्या गोंधळत. ओली पट्टी मी वाचत नाही, लाल होतो, म्हणून ती आधी पुसावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी धाकट्या नर्सला विचारलं, "अगं, पुन्हा एकदा दाखवतेस का?"

"आक्का, एवढंपण येत नाही?" धाकटी फिदीफिदी हसली. आक्कांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

कुणाचे किती लाल दिवे लागले, ते इन्चार्ज बाई रोज सकाळी सर्वांसमोर वाचून दाखवत. आक्का मान खाली घालून ऐकत. शेवटी त्यांनी सगळ्या रुग्णांच्या पट्ट्या दुसऱ्यांदा छापल्या आणि खाटांच्या क्रमाने एका पुठ्ठ्यावर चिकटवून शेजारी हाताने खाटेचे नंबर लिहिले. आता पट्टी वाचायला खाटेपाशी जायलाच नको, टेबलावरच हिरवा दिवा! हसणाऱ्यांनीही तो पुठ्ठा मुकाट्याने वापरला. वॉर्डाला शाबासकी मिळाली. तेव्हा काढलेल्या फोटोत मी मधोमध होतो आणि मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी चार नंबरच्या आजोबांना खिडकी हवी होती, म्हणून सहा नंबरच्या रुग्णाशी त्यांची खाट बदलली. पुठ्ठा कुणी बदलला नाही. धाकटीने पुठ्ठ्यावरची सहाची पट्टी मला दाखवली, मग इन्सुलिन दाखवलं. मी हिरवा झालो. तिने ते खिडकीपाशी जाऊन आजोबांना टोचलं. त्यांना साखरेचा आजार नव्हताच. दुपारी ते गेले.

"पुठ्ठा कुणाचा?" चौकशीत विचारलं गेलं. अक्षर आक्कांचं होतं. माझ्या नोंदीत तर सगळं अचूक होतं: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य वेळ. आक्कांची सव्वीस वर्षांची नोकरी तिथेच संपली. जाताना त्यांनी सवयीने माझी काच रुमालाने पुसली.

आता शिकवणी धाकटी घेते, तीही अर्ध्या तासाची. काल एका नव्या नर्सने विचारलं, "ताई, पुन्हा एकदा दाखवाल?"

"एवढंपण येत नाही?" धाकटी हसली.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. विचारणाऱ्याला हसू नका, दुसऱ्यांदा दाखवा. आज सकाळपासून ती नवी नर्स एखादा पुठ्ठा शोधते आहे.