नवसाबाईची नानकटाई

"ताई, ती नानकटाई घेऊ नका."

नवसाबाई भट्टीजवळून हात पुसत पुढे आली, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या जीवनशेठच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. काउंटरपलीकडे सुवर्णा उभी होती. तोफखान्यातल्या एका हवालदाराची बायको. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तीनशे पाकिटांची ऑर्डर द्यायला ती आली होती. सोबत तिची आठ वर्षांची मुलगी सरिता होती.

सुवर्णाने एवढंच विचारलं होतं, "यात काजू-बदाम काही नाही ना? हिला चालत नाही. मागे एका बर्फीच्या तुकड्याने घसा सुजला. श्वास घेता येईना. मिलिटरी हॉस्पिटलात दोन दिवस काढले."

"छे हो," जीवनशेठ म्हणाला होता. "मैदा, तूप, साखर. बाकी काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. नानकटाईत दुसरं काही पडत नव्हतंच. पण देवळाली कॅम्पातल्या या बेकरीत नानकटाई ज्या परातीत मळली जाते, ज्या पत्र्यांवर भाजली जाते, त्याच परातीत आणि त्याच पत्र्यांवर तीन महिन्यांपासून हेझलनटची, म्हणजे काजू-बदामासारख्याच एका परदेशी दाण्याची, बिस्किटं होत होती. हे शेठच्या लक्षात आलं नाही. नवसाबाईच्या आलं.

दोन हजार चार साली हेझलनट म्हणजे काय हे कॅम्पात फार थोड्यांना ठाऊक होतं. जीवनशेठने ते मुंबईहून आणले आणि वर्तमानपत्रातलं एक कात्रण काचेला चिकटवलं. हे फळ हृदयाला चांगलं, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतं, रोज मूठभर खावं, असं त्यात होतं. सकाळी फिरायला जाणारे निवृत्त साहेब लोक थांबून ते वाचत आणि पाकीट घेऊन जात.

पण ते बिस्किट खपलं ते नवसाबाईच्या हातामुळे. ती मूळची पेठकडच्या डोंगरातली. द्राक्षाच्या खुडणीला म्हणून उतरली आणि इथेच राहिली. बेकरीत तिला अठरा वर्षं झाली होती. नवा दाणा तिने आधी हुंगला, मग दाताखाली धरला. मंद भाजायचा, गरम असतानाच फडक्यात चोळून त्याची साल काढायची, हे तिचं तिनेच ठरवलं. एकदा एका पोत्यातले दाणे तिला खवट लागले, तर तिने ते पोतं वापरूच दिलं नाही. "हृदयाला चांगलं म्हणून लोकं खात्यात," ती म्हणाली होती, "त्यांना खवट कसं द्यायचं?" शेठने पोतं परत पाठवलं होतं.

आज मात्र त्याचा चेहरा उतरला.

"त्यात काही नाय, ताई," नवसाबाई सुवर्णाला म्हणाली. "पण परात एकच हाय. सकाळीच तिच्यात हेझलनटचं पीठ मळलं मी. कितीबी धुतली तरी काठाच्या फटीत राहतं कायतरी. तुमच्या पोरीला तेवढंबी नको."

सुवर्णाने मुलीचा हात घट्ट धरला. "बरं झालं बोललात, मावशी," ती म्हणाली. मग शेठकडे वळून, "मग राहू द्या. दुसरीकडे बघते," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

"नवसाबाई, मला आत बोलवून सांगायचं होतंत," शेठ हळू आवाजात म्हणाला.

"आत बोलवस्तोवर पाकीट त्यांच्या पिशवीत गेलं असतं."

"तीनशे पाकिटं गेली हो."

"मी करून देते. येगळी," ती म्हणाली. "नवी परात द्या, नवे पत्रे द्या. हेझलनटचं पोतं मागल्या खोलीत टाका. दोन दिवस ती बिस्किटं बंद. भट्टी मी घासते."

"एवढं कोण करतं?"

"मी करते ना."

शेठने काचेवरच्या कात्रणाकडे एकदा पाहिलं. मग उठला आणि स्कूटरला किल्ली लावून भांडी बाजाराकडे गेला.

दोन दिवस नवसाबाईने बेकरी घासली. टेबल सोड्याने धुतलं, भट्टीचा तळ खरवडला, जुनी फडकी जाळली. मैदासुद्धा नवं पोतं फोडून घेतला. मग पत्ता विचारत सुवर्णाच्या घरी स्वतः चालत गेली. "येऊन बघा," म्हणाली, "मग ठरवा."

सुवर्णा पहाटे आली. स्टुलावर बसून तिने सगळं पाहिलं. चाळणी कुठली, तूप कुठल्या डब्यातलं, एकेक विचारलं. नवसाबाई मळता मळता उत्तर देत होती. तिला त्याचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत कुणी तिचं काम इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

सुवर्णाने ऑर्डर पक्की केली. संमेलनाच्या दिवशी पाकिटं घेऊन नवसाबाई स्वतः शाळेत गेली. धुतलेलं लुगडं नेसून टेबलामागे उभी राहिली आणि रांगेतल्या एकेका मुलाच्या हातात पाकीट ठेवू लागली. जीवनशेठही आला होता. तो भिंतीला टेकून उभा होता.

सरिताची पाळी आली. तिने पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. खाण्याची कुठलीही गोष्ट हातात आली की आईकडे बघायचं, ही तिची सवय.

"आई, हे चालेल मला?"

"त्यांना विचार," सुवर्णा म्हणाली.

मुलीने मान वर केली. नवसाबाई टेबलावरून पुढे वाकली. मग शेठला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

"खा बाळा. मी केलंय."

मुलीने नानकटाईचा तुकडा मोडला. तो तिने चावून गिळेपर्यंत नवसाबाईची नजर तिच्यावरून हलली नाही. मागे रांग थांबली होती. मुलगी दुसरा तुकडा मोडून खेळायला पळाली, तेव्हा नवसाबाईने पदर कमरेला खोचला आणि पुढचं पाकीट उचललं.