रुख्मिणीच्या लुगड्याच्या गाठी

"गंगे, गाठी सोड," पार्बताबाई हळूच म्हणाली, "बाहेर भगवंतराव कारकून उभा हाय."

भोयांनी विहिरीतून काढलेलं तिच्या सुनेचं, रुख्मिणीचं प्रेत गोठ्यात निजवलं होतं. बाईच्या अंगाला हात लावायचा तो सुइणीनं, म्हणून गंगूबाईला बोलावणं गेलं. रुख्मिणीनं लुगडं घोट्यांशी आवळून तीन गाठी मारल्या होत्या. काढणाऱ्या पुरुषांना अंग दिसू नये म्हणून. पाय घसरलेली बाई गाठी मारून येत नाही.

वर्षभरात अशा चौघींच्या गाठी गंगूबाईनं सोडल्या होत्या. जीव दिला म्हटलं की ना मंत्राग्नी, ना दहावा. देवाघरी तरी लेक नीट जावी, एवढंच तिच्या मनात असे. पण चारी मरणं कागदावर 'पाय घसरून' अशी चढली, आणि बाया का मरतात याचा जातवार, वयवार तक्ता करणाऱ्या अमरावतीच्या साहेबानं विहिरींना कठडे बांधायचा हुकूम काढला.

या घरचं तिला सगळं ठाऊक होतं. विलायतेनं कापसाला सोन्याचा भाव दिला, तशी सून सरकी काढायच्या रेच्यावर बसली ती कुणी उठू दिली नाही. पोट पडलं तेव्हा सोडवणारे हात गंगूबाईचेच. तिसऱ्या दिवशी सून पुन्हा रेच्यावर.

दाराशी रुख्मिणीचा बाप पुंजाराम बसला होता, भातकुलीहून आलेला. त्याला खेटून धाकटी लेक. प्रेत उचललंही नव्हतं, अन् पार्बताबाईनं त्याच्याजवळ शब्द टाकला होता, धाकटी याच घरी द्या.

गंगूबाईनं रुख्मिणीच्या पायांवर कपाळ टेकलं. गाठी तशाच ठेवून ती बाहेर आली.

"पाय नाई घसरला, भगवंतराव. जीव देल्ला तिनं. पोट पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ओल्या अंगानं रेच्यावर बसवलं होतं तिले. पुंजारामभाऊ, धाकटीले इथं नोका देऊ."

कारकुनानं तक्ता वरून खाली पाहिला. दुखणं, भांडण, वेड, एवढेच रकाने. रेच्याचा रकाना नव्हता. "वेडाच्या भरात, असं लिहितो," तो म्हणाला.

पार्बताबाईचा जीव भांड्यात पडला. ती व्याह्याकडे वळली.

"खरं हाय. डोकं ठिकाणावर नोतंच तिचं. धाकटी शहाणी हाय, इवाईबुवा."

गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्यांकडे पुंजाराम पाहत राहिला.

रुख्मिणीचा दहावा झाला नाही. दहाव्या दिवशी गंगूबाईनं पाणीही घेतलं नाही.

फाल्गुनात लग्न लागलं. गंगूबाईला आमंत्रण नव्हतं; ती वाटेच्या कडेला उभी राहिली. छकड्यात धाकटी मान खाली घालून बसली होती. हातांत पाटल्या रुख्मिणीच्याच. सैल होत होत्या, म्हणून एका हातानं दुसऱ्या हातातल्या धरून बसली होती.