माउलीचा लाइव्ह कौल

आडबंदरच्या माउलीच्या देवळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सभामंडप भरला, पायऱ्या भरल्या, तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर माणसं चढली, आणि ज्यांना आतलं दिसत नव्हतं ती आपापल्या मोबाइलवर त्याच देवळातलं दृश्य बघत होती. देवीपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून देवी मोबाइलमध्ये बघायची! तालुक्याच्या दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी अनेक जत्रा पाहिल्या आहेत, पण इतकी भाबडी गर्दी पाहिली नव्हती.

निमित्त होतं गुरुप्रसादबुवांच्या ‘लाइव्ह कौला’चं. हे बुवा बांद्याच्या बाजूचे. भगवं रेशमी उपरणं, दोन्ही हातांत स्मार्ट घड्याळं आणि स्वतःचा वेगळा लाइटवाला. माइक हातात घेऊन ते सांगत होते, “भक्तहो, तुमच्या मोबाइलची रेंज जाते, माउलीची रेंज जात नाही. तुमचा डेटा संपतो, माउलीचा संपत नाही. तिला पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. तुमच्या मनात काय आहे ते तिच्या सर्व्हरवर आधीच चढलेलं आहे!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्व्हर म्हणजे काय, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, आणि बुवांनाही असेल असं मला वाटत नाही.

कौलाची रीत आमच्याकडे जुनी. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. लग्न, विहीर, होडी, जमिनीचा वाद, काहीही असो. आडबंदरात कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. आजवर हे समईच्या उजेडात चालायचं. बुवांनी मात्र गाभाऱ्याच्या दारात उंच स्टँडवर भलामोठा हॅलोजन लावला होता. कॅमेऱ्याला देवी स्पष्ट दिसली पाहिजे ना!

भिकाजी गुरवाने पाकळ्या लावल्या. बुवांनी पहिला प्रश्न विचारला: सुदेशभाईंच्या डोक्यावर देवीचा हात आहे का? सुदेशभाई म्हणजे आमच्या भागातले पुढारी, बुवांचे यजमान आणि येत्या निवडणुकीतले इच्छुक. ते पांढरेशुभ्र कपडे घालून पुढेच हात जोडून बसले होते. थोड्या वेळात उजवी पाकळी पडली. मंडप दुमदुमला.

“ए लाइटवाल्या,” बुवा म्हणाले, “कॅमेऱ्यात सावली येते. दिवा ह्या बाजूने घे बघू.” दिवा हलला. नव्या पाकळ्या लागल्या. बुवांनी डोळे मिटले आणि खास मालवणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा माउली महाराजा, आज तुझ्या दारात बारा-पाचाचो मेळो जमलो आसा...”

“व्हय महाराजा!” गर्दी ओरडली.

“गावातल्या कोणाएकान मोबाइलार सह्या मागल्यान. ता तुका मान्य असात तर उजवो दी, मान्य नसात तर डावो दी महाराजा!”

“व्हय महाराजा!”

सगळे श्वास रोखून बघत राहिले. डावी पाकळी थरथरली आणि पडली. एक म्हातारी रडायला लागली. कुणी तरी ओरडलं, “बघलास? डावो पडलो! देवीक नको आसा!” आणि तिथल्या तिथे, देवीच्या समोर, लोकांनी खिशातून मोबाइल काढून आपापल्या सह्या मागे घ्यायला सुरुवात केली.

ह्या सह्या कसल्या होत्या ते आता सांगतो, म्हणजे माझ्या तोंडाला कडवट चव का आली ते कळेल.

आडबंदरला आरोग्य केंद्राची नवी इमारत आहे. तिच्या उद्घाटनाला सुदेशभाईंनीच फीत कापली होती आणि आठ दिवसांत डॉक्टर आणतो, असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्याला वर्षं लोटली. इमारतीच्या व्हरांड्यात आता जाळी वाळत घालतात. दिव्या तांडेल ही इथली सून. तिचं पहिलं बाळ कुडाळच्या दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. रडत बसण्याऐवजी तिने इंटरनेटवर एक याचिका टाकली: आडबंदरला कायमचा डॉक्टर द्या. गावाने सह्या केल्या, मुंबईच्या चाकरमान्यांनी केल्या, ओळखीपाळखीच्यांनी केल्या. जिल्ह्याची आढावा बैठक सोमवारी होती, आणि याचिका तिथे मांडू, असं अधिकाऱ्यांनी कबूल केलं होतं. सुदेशभाईंची तिकीट मिळवायची घाई चाललेली असताना त्यांची थाप उघडी पाडणारा गावाच्या सह्यांचा ढीग वरिष्ठांपुढे जाणार होता. बुवा कशासाठी आले, हे सांगायला देवीची गरज नव्हती.

संध्याकाळी मी दिव्याच्या घरी गेलो. तिची सासू पद्मावती बाजारातून मासे विकून आली होती आणि मान खाली घालून टोपली धुवत होती. दिव्या मोबाइल बघत होती. “आईंनी पण सही काढली,” ती मला म्हणाली.

“काय करू गो?” पद्मावती टोपलीवरचा हात न थांबवता म्हणाली. “देवीन डावो दिल्यान. उद्या होडीक काय झाला, तर लोक माका बोलतले.”

मला त्या बाईचा राग आला, आणि त्याहून जास्त शिसारी आली ती तिच्या मनात ही भीती पेरणाऱ्यांची. नातवंड गमावलेल्या आजीकडून नातवंडाच्याच विरोधात बोट दाबून घ्यायचं, आणि वर हात जोडून ‘माउलीची इच्छा’ म्हणायचं! चोर घर फोडतो तेव्हा निदान घरमालकाला आपले पाय धुवायला लावत नाही.

तिथे अपेक्षा परब बसली होती. ही हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिने मोबाइलवर त्या लाइव्ह कौलाचं चित्रण लावलं होतं आणि पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होती. तिच्यापुढे ओट्यावर एक वरवंटा उभा केलेला, त्याला दोन्ही बाजूंनी जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवलेल्या आणि शेजारी एक जळता बल्ब.

“हे काय?” मी विचारलं.

“रविवारी देवळात या,” ती म्हणाली. “बुवा मुंबईकरांसाठी पुन्हा कौल लावणार आहेत. त्यांच्या सह्या अजून शिल्लक आहेत ना! लवकर या आणि पुढे बसा.”

रविवारी गर्दी आणखी वाढली होती. बाहेर भजीचा गाडा लागला होता. बुवांच्या फोटोची लॉकेटं विकायला होती, ‘लाइव्ह सिद्ध’ म्हणून. सुदेशभाईंनी चहा ठेवला होता. आरोग्य केंद्रात साधी सुई ठेवता आली नाही ह्या माणसाला, पण चहा आलं घालून होता.

बुवांनी आधी मुंबईकरांना हात केला. “दादर, परळ, डोंबिवली, जिथे असाल तिथून बघा! सही करायला एक बोट लागतं, पण पाप पुसायला सात जन्म लागतात!” मग लाइटवाल्याला खूण करून त्यांनी दिवा देवीच्या डाव्या अंगाला लावून घेतला, पाकळ्या लावून घेतल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाण्याला लागले. गाऱ्हाणं लांबलचक होतं. अजून बारा वेशी व्हायच्या होत्या, समुद्र व्हायचा होता, डोंगर व्हायचा होता.

तेवढ्यात अपेक्षा उठली, लाइटवाल्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “अरे, मोबाइलवर बघ, बुवांचाच चेहरा काळोखात आहे. दिवा पलीकडून घे.” त्याने मोबाइलवर पाहिलं, जीभ चावली आणि स्टँड उचलून दुसऱ्या बाजूला नेला. तो बिचारा रोजावर आलेला, त्याला आतली गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

“...मान्य नसात तर डावो दी महाराजा!”

“व्हय महाराजा!”

आणि उजवी पाकळी पडली.

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एकच कल्लोळ उठला. “उजवो! उजवो दिल्यान! देवी पावली!” बुवांनी डोळे उघडले. त्यांनी पाकळीकडे पाहिलं नाही, देवीकडेही नाही. त्यांनी थेट हॅलोजनकडे पाहिलं.

“दिवा कोणी हलवला?” ते किंचाळले, आणि माइक चालूच होता. “दिवा डाव्या बाजूला लाव, मूर्खा!”

“का बुवा?” अपेक्षाने विचारलं. “माउलीला डावीकडूनच दिसतं का?”

पद्मावती धडपडत पुढे आली आणि अपेक्षाचा हात धरून कुजबुजली, “बाय, आता काय एक बोलू नको. उजवो पडलो ना? मगे झाला! लोक सह्या करतले. आमच्या दिव्याचा भला होतला. गप रव.”

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. लोक सह्या करायला तयार, डॉक्टर दारात आल्यात जमा. मग दोन मिनिटं तोंड मिटून बसायला काय हरकत होती? अपेक्षालाही तो मोह झाला असणार, कारण तिने खांबाला टेकून बसलेल्या दिव्याकडे एकवार पाहिलं. मग ती म्हणाली, “काकी, आज मी दिवा उजवीकडे नेला. उद्या हे लोक परत डावीकडे नेतील. तुमच्या नातवंडाचा जीव हॅलोजनच्या स्टँडवर ठेवायचा आहे का?”

आणि ती गर्दीकडे वळली.

“पाकळी कशाने चिकटते? पाण्याने. पाणी सुकलं की ती पडते. हा हॅलोजन किती तापतो, हात जवळ नेऊन बघा. ज्या अंगाला दिवा, ते अंग आधी सुकणार आणि तीच पाकळी आधी पडणार. गेल्या वेळी सुदेशभाईंच्या प्रश्नाला दिवा उजवीकडे होता. मग सावली येते म्हणून तो डावीकडे नेला आणि सह्यांचा प्रश्न विचारला. चित्रण तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, आत्ता बघा. तांडेलांच्या घरच्या वरवंट्यानेही असाच कौल दिला. भिकाजीकाका, दिवा बंद करून पाकळ्या लावा बघू.”

भिकाजी गुरवाने बुवांकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं, आणि पाकळ्या लावल्या. लाइटवाल्याने बटण बंद केलं. सगळे बघत बसले. लहान मुलं कंटाळून बाहेर गेली, चहा थंड झाला, पण एकही पाकळी हलली नाही. तेवढ्यात सुदेशभाईंना कुठल्या तरी मीटिंगची आठवण झाली आणि ते चपला शोधू लागले. बुवांनी घाईघाईत आपला हॅलोजन उचलायला हात घातला, तो दिवा अजून तापलेला होता. “आई गं!” म्हणून ते जे उडाले, ते सगळ्या दादर-परळ-डोंबिवलीने लाइव्ह पाहिलं.

लोक हसले. मला वाटलं, संपलं, डोळे उघडले ह्यांचे. पण मागून एक शहाणा उठला आणि गंभीरपणे म्हणाला, “मगे आता सही करूची काय नाय? देवी तर कायच सांगूक नाय.”

आणि पन्नास माना डोलल्या! त्या वेळी मला जी किळस आली ती बुवांना पाहूनही आली नव्हती. बुवा लबाड होते, त्यांचं पोट त्यावर चालत होतं. पण फसवणूक उघडी पडल्यावरही दुसरा कुणी तरी येऊन आपलं बोट धरील म्हणून हात पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसांना काय म्हणायचं?

दिव्या खांबाला धरून उठली. तिला उभं राहायलाही त्रास होत होता.

“देवीक कित्याक इचारतास?” ती म्हणाली. “तिका आरोग्य केंद्र नको, डॉक्टर नको. माका तुमचो कौल व्हयो. पयला पोर माझा रिक्षात गेला, तुमी सगळे मयताक इल्यात. ह्या पोर जगाक व्हया की नको? व्हया असात तर सही करा. नको असात तर तसा माझ्या तोंडार सांगा.”

तिच्या तोंडावर सांगायला कुणी उठलं नाही. पहिला मोबाइल पद्मावतीने काढला. चष्मा विसरली होती, म्हणून अपेक्षाने नाव शोधून दिलं, पण बटण तिने स्वतः दाबलं. मग एकेक जण खिशात हात घालू लागला. सगळ्यांनी घातला नाही. काही जण मान फिरवून भजीच्या गाड्याकडे गेले, त्यांची नावं मला माहीत आहेत.

सोमवारी याचिका बैठकीत मांडली गेली आणि डॉक्टर नेमल्याचा आदेशही निघाला. डॉक्टर मात्र हे लिहीपर्यंत आलेला नाही, कारण सहीतही चमत्कार नसतो. बोट दाबलं की सरकार धावत येतं असं मानणारा माणूस आणि पाकळीकडे डोळे लावून बसणारा माणूस, हे मला सख्खे भाऊ वाटतात. सही म्हणजे फक्त पहिला प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. तो नवससायासाने सुटत नाही आणि दुसरं कुणी तुमच्या वतीने विचारत नाही. तेव्हा वाचकहो, कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला, तर देवाकडे पाहण्याआधी दिवा कुठे लावला आहे ते बघा, आणि तो लावणाऱ्याचं काय अडलं आहे ते विचारा.

परवा मासळीबाजारात पद्मावती दिसली. सुरमई कापता कापता तिने खांद्याने कानाशी मोबाइल धरला होता.

“हॅलो, आरोग्य खाता काय? आडबंदरसून पद्मावती तांडेल बोलतंय. डॉक्टर इलो काय?... नाय? बरा. मगे उद्या परत करतंय फोन.”

“रोज करता?” मी विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “ते आता माझो आवाज वळखतत. येतलो तो. नाय येवन सांगतलो कोणाक?”